पत्रकातली तिसरी ओळ

नवरात्र संपलं की आमच्या विभागाच्या फलकावर एक कागद लागतो. डावीकडे प्राध्यापकांची नावं, उजवीकडे प्रत्येकाकडे किती जागा आहेत ते. बहुतेकांपुढे एक हा आकडा असतो, काहींपुढे शून्य. पीएच.डी.ला नव्याने आलेल्यांनी जुलैपासून दोन लॅबमध्ये सहा-सहा आठवडे काम करून पाहिलेलं असतं. आता दिवाळीच्या सुट्टीआधी एका फॉर्मवर एकच नाव लिहून द्यायचं आणि पुढची पाच-सहा वर्षं त्या नावाखाली काढायची.

कागद लागला की कॉरिडॉरमधल्या चालीच बदलतात. मुलं दोघादोघांनी फिरू लागतात, दारावरच्या पाट्या नव्याने वाचल्यासारख्या वाचतात. जिन्यात कुजबुज चालते. "ते रागावतात का गं?" "त्यांच्याकडचं कोणी वेळेत सुटतं का?" यंदा सायली नावाची एक मुलगी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. हातात कोरा फॉर्म, घडी घालून घालून मऊ झालेला. म्हणाली, "ताई, तुम्ही कसं ठरवलंत?"

मी म्हटलं, नंतर सांगते. ती गेली आणि मी खिडकी उघडली. ऑक्टोबरचं ते पिवळं, डोक्यात जाणारं ऊन. दोन वर्षं झाली, पण या उन्हाबरोबर माझ्या नाकात एकच वास येतो: तापून तडकलेल्या खाडीच्या चिखलाचा, कापलेल्या भाताचा आणि वलांडीवर, म्हणजे बांबूच्या ताटीवर, वाळत घातलेल्या पहिल्या बोंबलांचा.

आमचं गाव उरणच्या अंगाला, खाडीच्या काठावर. एका बाजूला रात्रंदिवस कंटेनरचे ट्रेलर, दुसऱ्या बाजूला आमच्या होड्या. वडिलांची, म्हणजे आबांची, एक होडी. आई दहावी पास आणि तिचं अक्षर गावात सगळ्यांत चांगलं, म्हणून आंदोलनाची पत्रकं तीच लिहायची. जेटी आली तेव्हाचं पत्रक, मिठागरं बुजवली तेव्हाचं, खारफुटी तोडली तेव्हाचं. गुलाबी, पिवळा, हिरवा असा कागद उरणच्या छापखान्यातून यायचा आणि उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवायचे. पाठीमागे 'जागे व्हा' असं ठळक अक्षरात आणि पुढे माझे भागाकार. दुसऱ्या मुलींना परीकथा माहीत होत्या. मला भूसंपादनाची कलमं माहीत होती.

पण आईच्या पत्रकाची एक रीत होती, आणि ती मी दुसरीकडे कुठेही पाहिली नाही. छापायला देण्याआधी कच्चा मजकूर जाळी शिवायच्या मांडवात मोठ्याने वाचला जायचा. बायापुरुष हातातलं जाळं न सोडता ऐकायचे. आई एक ओळ वाचायची, थांबायची आणि विचारायची, "हे कोणी पाहिलं?" कोणी तरी हात वर करायचं. "मी पाहिलं. मंगळवारी, कंपनीच्या नालीच्या तोंडाशी, मेलेली बोय मासळी तरंगत होती." हात वर झाला तर ओळ राहायची. कोणाचाच हात वर झाला नाही, तर ओळ कितीही चांगली असो, आई तिच्यावर आडवी रेघ मारायची. एकदा मला तिची एक ओळ इतकी आवडली होती, की ती खोडली तेव्हा मी रडले. आई म्हणाली, "ओळ चांगली होती गं. पण एकटीच होती."

आबांचं शिक्षण निराळं. त्यांनी मला शिकवलेला पहिला गुणाकार पाऊणचा. भरतीची वेळ काढायची तर तिथीची पाऊणपट करायची, की झालं. अष्टमी असेल तर आठाची पाऊण सहा: सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला भरती, म्हणजे दुपारी बाराला ओहोटी. पौर्णिमेला नाहीतर अमावास्येला पंधराची पाऊण सव्वाअकरा: म्हणजे दुपारी बाराच्या सुमारास खाडी काठोकाठ. पाचव्या वर्षी मला हे येत होतं. ते येत असूनही मी काय करून ठेवलं, तेच सांगायला बसले आहे.

आमच्या विभागातल्या राजाध्यक्ष सरांना मी पहिल्यांदा ऐकलं ते पंधराव्या वर्षी, आमच्याच गावच्या सभेत. पांढरा शर्ट, गुडघ्यापर्यंत चिखल. माशांच्या पालथ्या टोपलीवर उभे राहून ते म्हणाले, "विज्ञान कोणाच्याच बाजूचं नसतं असं सांगणारा माणूस आधीच कोणाच्या तरी बाजूला बसलेला असतो." मी ते वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं. बारावीच्या वहीवर लिहिलं, बी.एस्सी.च्याही. या विषयात मी आले ती त्या टोपलीवर उभ्या राहिलेल्या माणसामुळे. त्यामुळे पीएच.डी.ला निवड झाली तेव्हा गाईड निवडण्याचा प्रश्नच नव्हता. दोन लॅब फिरून पाहायच्या हा नियम. दुसरी लॅब माझ्यासाठी नुसती नियमापुरती होती.

सरांची लॅब म्हणजे आमचा मांडवच वाटायचा. भिंतीवर पोस्टर, दारात चपलांचा ढीग, चहा, वाद, हसणं. निखिल नावाचा सीनियर सातव्या वर्षात होता. मी विचारलं, "दादा, तुझं कधी संपणार?" तो म्हणाला, "मी विद्यार्थी नाहीये, फर्निचर आहे. पाठीवर बघ, नंबर पण टाकलाय." सगळे हसले. मीही हसले. हसण्यासारखं त्यात काय होतं, हे मी स्वतःला विचारलं नाही.

तेव्हा कामाची घाई होती. खाडीत नाली सोडणाऱ्या एका कंपनीला आपली जेटी वाढवायची होती आणि दिवाळीनंतर त्यावर जनसुनावणी होती. कंपनीचं म्हणणं असं, की घाण असली तर ती नालीच्या तोंडाशी, ओहोटीपुरती. भरती आली की सगळं धुऊन निघतं. हे खोटं आहे हे आम्हाला ठाऊक होतं. आमच्या हातांना खाज सुटत होती, आमच्या जाळ्यांना वास येत होता. पण सुनावणीत वास चालत नाही. भरतीच्या पाण्याचा नमुना पाहिजे आणि त्यात सापडलेलं शिसं पाहिजे.

निखिलने एक सुटा कागद दिला. मी तो अहवालाच्या तक्त्यात टाईप केला. तारीख, वेळ, पाण्याची स्थिती, शिसं. एका ओळीत लिहिलं होतं: दुपारी बारा, पूर्ण भरती. दुपारी बारा, पूर्ण भरती हे माझ्या कानांना लहानपणापासून ओळखीचं. पौर्णिमेला असंच तर असतं. माझी नजर तारखेवरून घसरली आणि थेट शेवटच्या रकान्यात गेली. तिथे शिसं होतं. भरतीच्या पाण्यात. मी खुर्चीवरून उठून ओरडलेच.

घरी आमचं सगळं तिथीवर चालायचं, लॅबमध्ये तारखेवर. दोन्ही मला येत होतं. दोन्ही एकत्र मात्र मी कधी ठेवलंच नव्हतं.

त्या शनिवारी मुंबईहून मोरा बंदराच्या लाँचमधून घरी येताना मला धीर धरवत नव्हता. आईने लगेच पत्रक लिहायला घेतलं. मांडवात वाचन झालं. पहिली ओळ, हात वर. दुसरी ओळ, हात वर. मग तिसरी, मी सांगितलेली: 'भरतीच्या पाण्यातही विष आहे, हे आता विज्ञानाने सिद्ध केलं आहे.' आई थांबली. "हे कोणी पाहिलं?"

मी म्हटलं, "विद्यापीठाने."

आईने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. आमच्या मांडवात आजवर विद्यापीठाने हात वर केला नव्हता. माणसानेच केला होता. पण तिच्या डोळ्यांत मी होते, पहिली डबल ग्रॅज्युएट, आंदोलनाची पोरगी. तिने मान हलवली आणि पुढची ओळ वाचली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एक ओळ साक्षीदाराशिवाय छापखान्यात गेली, आणि ती मी नेली होती.

सप्टेंबरच्या मध्याला मी काझी मॅडमच्या लॅबमध्ये दाखल झाले. मूळच्या श्रीवर्धनच्या, बोलायला कोरड्या. त्यांची खोली जनरेटरच्या शेजारी, सगळं टेबल थरथरायचं. भिंतीवर पोस्टर एकही नाही. आमच्या आंदोलनाच्या निवेदनावर विभागातल्या बऱ्याच जणांनी सही केली होती, यांनी केली नव्हती. त्यावरून मी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर त्यांना 'बिनकण्याच्या' म्हटलं होतं. मला तटस्थ माणसांचा राग येतो. अजूनही येतो. पहिल्याच दिवशी मी सरळ विचारलं, "मॅडम, खाडीच्या प्रश्नावर तुमची भूमिका काय आहे?"

त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. "बूट आणलेत का?"

नव्हते आणले. तासाभराने मी चपला हातात घेऊन मांडीपर्यंत चिखलात उभी होते आणि त्या माझ्यापुढे दहा पावलांवर, काठीने गाळ चाचपत. आजूबाजूला निवट्या, चिखलातली मासळी, उड्या मारत होत्या. बाटली भरली की तिथेच, चिखलातच, पट्टी लावायची. तिच्यावर दोन सह्या: भरणाऱ्याची आणि शेजारी उभं राहून पाहणाऱ्याची. नोंदवहीत जो रकाना भरता आला नाही तिथे रेघ नाही, अंदाज नाही. 'पाहिलं नाही' असे दोन शब्द लिहायचे. त्यांच्या जुन्या वह्या मी चाळल्या. पानापानावर पाहिलं नाही, पाहिलं नाही. मला तेव्हा वाटलं, आयुष्यभर काहीच न पाहिलेली ही बाई. हे मी ग्रुपवरही लिहिलं. चार जणांनी हसरे चेहरे टाकले.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. सरांनी गावासाठी पाठवलेली अहवालाची प्रत आबा ओट्यावर बसून वाचत होते. सातवी शिकलेला माणूस. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत वाचतात. त्यांना पानभर वाचायला अर्धा तास लागतो, पण वाचलेलं सुटत नाही. मी आत बोंबील निवडत होते.

"बाय, हकडं ये."

गेले. त्यांचं बोट त्या ओळीवर होतं.

"ही तारीख गोकुलाष्टमीची हाय."

"असेल."

"असेल कं? तुझे आयेचा उपास हुता. आठमीला दुपारी बाराला भरती?" ते चिडलेले नव्हते. खरंच बुचकळ्यात पडले होते. "त्या दिसी मी थयच हुतो, नालीचे अंगाला. होरी चिखलात बसलेली माझी. पानी यवाची वाट बघून बघून डोला लागला. हा पूर्ण भरती कुठशी आनली?"

आठाची पाऊण सहा. पाच वर्षांच्या मुलीला जे आलं असतं ते मी स्वतःच्या हाताने टाईप केलं होतं, आणि शेवटच्या रकान्याच्या आनंदात मला दिसलं नव्हतं.

"हा कागद कोनी भरला?" आबांनी विचारलं.

"निखिलने दिला. सीनियर आहे."

"किती वर्सं हाय तो थय?"

"सातवं."

"सात वर्सं एकाच तांडेलाकडं, नि अजून उतरला न्हाय?" आबांनी चष्मा काढला. "बोटीवर जावाचं असंल तं आमी बोट नाय बघत, बाय. आदी तिचे जुने खलाशी बघतो. हसतान कसे, ते बघतो."

सोमवारी निखिलला जिन्यात गाठलं. त्याने नाकारलंसुद्धा नाही. त्या दिवशी होडी पुढे जाईना, म्हणून रस्त्याने बाईकवर गेला. नालीखालच्या डबक्यातून बाटली भरली. कागदावर स्थितीचा रकाना त्याने मोकळाच ठेवला होता म्हणे. नंतर कागद टेबलावर होता आणि नंतर तो भरलेला होता. "मी विचारलं नाही," तो म्हणाला. "सात वर्षांत एक गोष्ट शिकलोय, विचारायचं नाही." या वेळी तो हसला नाही.

सरांनी मला शांतपणे ऐकून घेतलं. खोलीचं दार लावलं. "तुझं निरीक्षण बरोबर आहे," ते म्हणाले, आणि मला वाटलं, सुटले. मग ते म्हणाले, "दुरुस्ती आपण करू. सुनावणीनंतर."

"सर, पण सुनावणीतच तर ही ओळ..."

"मला एक सांग. खाडीत विष आहे की नाही?"

"आहे."

"भरतीतही असणार की नाही?"

"असणार."

"मग आपली बाजू खरी आहे. एका रकान्याने ती खोटी होत नाही. त्यांच्याकडे वकील आहेत, आपल्याकडे एवढा एक तक्ता आहे. तो तू त्यांच्यासाठी फाडणार?" ते पुढे वाकले. आवाजात राग नव्हता, माया होती, आणि तेच मला सोसवत नव्हतं. "तू नेमकी कोणाच्या बाजूने आहेस? फॉर्म शुक्रवारी द्यायचाय. माझ्याकडची जागा तुझ्यासाठीच ठेवलीय. नाव लिही. बाकीचं मी बघतो."

खाली येऊन मी पायरीवर बसले. या माणसाने आमच्या गावासाठी लाठ्या खाल्ल्या होत्या. त्याची बदली झाली होती, बढती अडली होती. तो विकला गेलेला नव्हता. विकला गेलेला असता तर माझं काम किती सोपं झालं असतं! मला विकल्या गेलेल्या माणसांशी कसं लढायचं ते घरात शिकवलं होतं. आपल्याच बाजूच्या माणसासमोर काय करायचं, ते कुठल्याच पत्रकात लिहिलेलं नव्हतं.

आणि खरं सांगायचं तर त्याचं म्हणणं मला पटत होतं. तीन दिवस पटत होतं. विष असणार. नक्की असणार. मग काय बिघडतं? लाँचमध्ये बसून मी भरतीच्या पाण्याकडे बघायचे आणि मला ते काळंच दिसायचं. मग एकदा लक्षात आलं की मला ते काळं दिसायला हवं आहे. त्यात काही सापडलं नाही तर मला वाईट वाटेल. आपल्याच खाडीत, आपल्याच माणसांच्या पाण्यात विष निघावं म्हणून मी देवाला हात जोडायच्या बेतात होते.

आईला बुधवारी सांगितलं. ती भाकऱ्या थापत होती. शेवटची भाकरी तिने तव्यावरून उतरू दिली. मग हात धुतले आणि पॅड घेतलं. दुरुस्तीचं पत्रक लिहायला तिला दहा मिनिटं लागली. मी वाचलं आणि माझा चेहरा पेटला.

"आई, हे पण लिहायचं? तक्ता मी टाईप केला हे?"

"तू केलास ना?"

"हो, पण..."

"मग कोणी केलं ते लोकांना कळायला नको?"

मीही भडकले. "मग सरांचं नाव पण लिही! रकाना त्यांनीच भरला असणार."

"भरताना तू पाहिलंस?"

मी परात उचलून मोरीत ठेवली.

"नाही ना? मग ते नाही लिहायचं." तिने टोपण लावलं. थोड्या वेळाने माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या दिवशी 'विद्यापीठाने' म्हणालीस, तेव्हाच मी तुला अडवायला पाहिजे होतं. मला तुझं कौतुक वाटत होतं. ते पण खाली लिहिलंय, बघ. शेवटची ओळ."

शेवटची ओळ होती: 'ही ओळ न विचारता छापण्याची चूक पत्रक लिहिणारीची आहे.'

गुरुवारी संध्याकाळी मांडव भरला. सुनावणी तीन आठवड्यांवर आली होती. आईने वाचायला सुरुवात केली, 'मागच्या पत्रकातली तिसरी ओळ आम्ही मागे घेत आहोत,' आणि गलका झाला. आंदोलनाचे पुढारी हसुरामकाका, ज्यांनी मला खांद्यावर बसवून मोर्चे दाखवले, ते ताडकन उठून माझ्याकडे वळले.

"कंपनीनं पाठवली कं तुना? शिकून आयली नि आमचीच मान कापाया निगाली!"

"मान न्हाय, काका," आई म्हणाली. "ओळ कापते."

"एकच ओळ हुती आपलेकडं कामाची!"

"ती पन आपली नव्हती," आबा मागून म्हणाले.

"तू गप रे! तुला कं कलतं रिपोर्टातलं?"

"रिपोर्टातलं न्हाय कलत. आठमी कलते."

कोणी तरी हसलं, आणि ते हसू तिथेच विझलं. जाळ्यांवरचे हात थांबले होते. आईने कागद पुन्हा वर धरला. आवाज जरासुद्धा न चढवता तिने ओळ पूर्ण वाचली: 'मागच्या पत्रकातली तिसरी ओळ आम्ही मागे घेत आहोत, कारण त्या दिवशी त्या वेळी तिथे भरती नव्हती.' मग थांबली. नेहमीसारखी.

"हे कोणी पाहिलं?"

हात वर केला की सरांची लॅब गेली. पंधराव्या वर्षापासून वहीच्या पहिल्या पानावर असलेलं वाक्य गेलं. कदाचित हसुरामकाकांचा खांदाही गेला. हे सगळं मला त्या एका थांबण्यात कळत होतं. समोर आई होती, आणि ती मला कुठलीही सूट देणार नव्हती.

मी म्हटलं, "तक्त्यात काय टाईप झालं ते मी पाहिलं." आणि हात वर केला. मागे आबांचा हात वर गेला. "त्या दिसी पानी नव्हतं, ते मी बघलं."

पत्रक छापलं गेलं. पांढऱ्या कागदावर. आईने रंगीत कागद घेतला नाही.

शुक्रवारी सकाळी काझी मॅडमच्या दारात उभी राहिले. म्हटलं, तुमच्याकडे जागा आहे का, आणि आधी एक सांगायचंय, मी ग्रुपवर तुम्हाला बिनकण्याच्या म्हटलं होतं. त्या बाटल्यांवरून नजर न काढता म्हणाल्या, "माहीत आहे. त्या ग्रुपमध्ये माझी भाची आहे." मग एका बाटलीवरची पट्टी अंगठ्याने नीट दाबली. "पत्रकं लिहिणं सोड, असं मी तुला म्हणणार नाही. लिही. पण बाटलीवर पत्रक चिकटवायचं नाही. जमेल?"

मी म्हटलं, माहीत नाही.

"हे उत्तर चालेल," त्या म्हणाल्या आणि फॉर्मसाठी हात पुढे केला.

सुनावणीत मी दुसऱ्या रांगेत होते. सरांचा तक्ता मांडला गेला तो ती ओळ वगळूनच. आमचं पत्रक सगळ्यांपर्यंत पोचलेलं होतं, सरांच्या लॅबपर्यंतही. कंपनीचा माणूस बोलायला उठला, त्याने फाईल उघडली, आणि सगळ्यांत वर असलेला कागद मला दिसला: भरती-ओहोटीच्या वेळांचा छापील तक्ता, गोकुळाष्टमीच्या तारखेभोवती लाल वर्तुळ. त्याने तो पाहिला, शेजारी ठेवलेलं आमचं पांढरं पत्रक पाहिलं आणि पान उलटलं. बस, इतकंच. ना टाळ्या, ना घोषणा. निकाल अजून लागलेला नाही. जेटीच्या वाढीव कामाची पाटी अजून नालीशेजारी गंजत उभी आहे.

सर कॉरिडॉरमध्ये भेटले तर मान हलवतात. मला अजूनही त्यांच्याबद्दल वाईट बोलवत नाही. निखिलने त्याच वर्षी प्रबंध दिला आणि गेला. जाताना माझ्या टेबलावर त्याच्या खुर्चीची नंबरपट्टी ठेवून गेला. हसुरामकाका सहा महिने माझ्याशी बोलले नाहीत. नंतर एकदा धक्क्यावर भेटले, म्हणाले, "काय शास्त्रीनबाई, आज भरती किती वाजता?" टोमणाच होता. पण मी सांगितलेली वेळ ऐकून त्यांनी होडीचा दोर सोडला.

आणि भरतीचं पाणी? दोन वर्षं मी तेच मोजते आहे. आबांच्या होडीतून, खऱ्या भरतीत, पट्टीवर दोन सह्या करून. भरणारी मी, पाहणारे आबा. सही करताना ते चष्मा पुसतात आणि पूर्ण नाव लिहितात, आजोबांच्या नावासकट. काही बाटल्यांत शिसं निघालं. काहींत नाही. पावसाळ्यातल्या पुरत्या झालेल्या नाहीत. मॅडम म्हणतात, अजून एक वर्ष. आमच्या लोकांना एक वर्ष म्हणजे काय हे त्यांना कळतं का, म्हणून मी त्यांच्याशी भांडते. दर महिन्याला भांडते. त्या ऐकून घेतात आणि बूट पुढे सरकवतात. आणि त्या पाण्यात शेवटी काहीच नाही निघालं, तर ते मांडवात कोणत्या तोंडाने सांगायचं? ते मला अजून ठरवता आलेलं नाही. सांगायचं आहे, एवढं ठरलेलं आहे.

संध्याकाळी सायली परत आली. तिचा फॉर्म कोराच होता. म्हणाली, "ताई, कोणाचं नाव लिहू?" मी नाव सांगितलं नाही. म्हटलं, "परवा कोजागिरी. अकराला धक्क्यावर ये, भरतीचं पाणी भरायचंय. बूट आण."

यंदाचं पत्रक आईने लिहून ठेवलंय. रविवारी मांडवात वाचन आहे. त्या दुरुस्तीनंतरचं तिचं प्रत्येक पत्रक मी ऐकलंय, आणि प्रत्येकात पहिल्या दोन ओळींखाली एका ओळीची जागा कोरी असते. छापखानेवाल्याने पहिल्यांदा विचारलं होतं, "ताई, इथली ओळ सुटलीय." आई म्हणाली, "सुटली नाही. ठेवलीय." आता तो विचारत नाही.

आई पहिली ओळ वाचते. हात वर होतात. दुसरी वाचते. हात वर होतात. मग ती कोऱ्या जागेशी येते, आणि ती जागाही वाचते. म्हणजे एक ओळ वाचायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ कागदाकडे बघत गप्प राहते. मांडवातली सगळी माणसं, हसुरामकाकासुद्धा, जाळ्यावरचे हात थांबवून माझ्याकडे वळतात.

माझा हात मांडीवरच असतो.

मग आई चौथी ओळ वाचते.